६२ पैकी ९: ऑनलाइन वर्गाला न येणाऱ्या विद्यार्थ्यांना कसं गाठायचं?

प्रश्न: गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका महाविद्यालयात इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) अभ्यास केंद्र आहे. तिथे मी बी.ए.च्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक समुपदेशक आहे. माझ्या यादीत ६२ नावं आहेत. दर रविवारी सकाळी ११ वाजता गूगल मीटवर वर्ग घेते, त्याला आठ-नऊ जण येतात आणि तेही कॅमेरा बंद ठेवून. गेल्या सत्रात २३ जणांनी एकही असाइनमेंट दिली नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यात ‘शुभ सकाळ’चाच भरणा. प्राचार्यांनी यंदा २५ हजार रुपये मंजूर केले आहेत. त्यातून स्मार्ट बोर्ड घ्यावा की एखाद्या ॲपचं वार्षिक सदस्यत्व? आणि त्या २३ जणांचं काय करू?

उत्तर:

नमस्कार मॅडम,

स्मार्ट बोर्ड घेऊ नका. ॲपचं सदस्यत्वही यंदा नको. वर्गाला आलेले नऊ जण तुम्हाला दिसतात, पण उरलेले ५३ जण कुठे अडलेत याची नोंद तुमच्याकडे नाही, आणि ती कुठलाही बोर्ड देणार नाही. दूरशिक्षणात तंत्रज्ञानावरचा पहिला तास आणि पहिला रुपया यासाठीच जायला हवा: कोण वाचतोय, कोण थांबलाय, कोण गप्प झालाय हे वेळेवर कळावं. शिकवण्याची साधनं त्यानंतरची.

वाळपईहून पणजी तास-दीड तासावर, म्हणजे गोव्यात किलोमीटरचं अंतर तसं नगण्यच. शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी दूरशिक्षणाची जी मांडणी केली तिचा गाभाही तोच आहे: हे अंतर भूगोलाचं नसून शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती घडतो आणि अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आहे, त्यावर ठरतं. अभ्यास केंद्रापासून दोन किलोमीटरवर राहणारी गृहिणी तुमच्यापासून फार दूर असू शकते.

सुरुवात फोनने करा. गूगल फॉर्म पाठवून माहिती गोळा करायचा मोह होईल, पण फॉर्म भरतात ते जवळपास तेच नऊ जण. प्रत्येकाला सहा मिनिटं धरली तर ६२ जणांचे सव्वासहा तास होतात. तिघांत वाटून घेतले तर आठवड्याभरात रोज अर्ध्या तासापेक्षा कमी. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका. ‘सगळें बरें आसा, टीचर’ हेच उत्तर येईल. नेमके प्रश्न विचारा. फोन स्वतःचा आहे की घरात वाटून वापरता? रोजचा डेटा किती, आणि तो संध्याकाळपर्यंत उरतो का? रेंज घरी येते की कामावर? कामाची पाळी कोणती, किती दिवसांनी बदलते? पुस्तिका हातात पडल्या का? पहिल्या असाइनमेंटचं कोणतं पान लिहून झालंय? या शेवटच्या प्रश्नावर जो दोन सेकंद थांबतो, त्याच्या नावापुढे खूण करा.

उत्तरं आली की रविवार सकाळचं कोडं आपोआप सुटेल. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत काम करणाऱ्यांसाठी रविवारी ११ म्हणजे पाहुण्यांची खोल्या सोडायची वेळ. वेर्णा, कुंडई, तुये इथल्या कारखान्यांत पाळ्या फिरत्या, त्यामुळे आज रिकामा असलेला माणूस पुढच्या रविवारी झोपलेला असतो. घरी असणाऱ्या बायकांसाठी रविवारची सकाळ म्हणजे मासळी, स्वयंपाक आणि आलं-गेलं. तुमचा वर्ग वाईट आहे म्हणून ते येत नाहीत, असं मानायला पत्रात तरी आधार दिसत नाही.

मग नोंदवही. गूगल शीटमध्ये एका विद्यार्थ्याला एक ओळ, आणि रकाने मोजके: सांकेतिक क्रमांक (ब-०१ ते ब-६२), शेवटच्या संपर्काची तारीख, शेवटची चाचणी, किती असाइनमेंट सुरू, किती जमा. शिवाय एक रकाना असा, ज्यात आजच्या तारखेतून शेवटच्या संपर्काची तारीख वजा होते. कंडिशनल फॉरमॅटिंग लावून तो आकडा १४ च्या वर गेला की पिवळा, २१ च्या वर गेला की लाल होऊ द्या. ‘संपर्क’ कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा: चाचणी सोडवली, प्रश्न विचारला, लिहिलेलं पान पाठवलं. ग्रुपवर अंगठा दाखवला तर तो संपर्क धरू नका. नाव आणि फोन नंबर यांची यादी वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि ती फक्त फोन करणाऱ्यांनाच उघडता येईल असं करा.

पिवळा झालेल्याला नाव घेऊन वैयक्तिक संदेश, लाल झालेल्याला फोन. संदेशात उपदेश नको, पुढचं एकच छोटं काम द्या: ‘घटक ३ मधला पान १४ वरचा प्रश्न वाचून ठेव, शुक्रवारी रात्री ९ ला मी पाच मिनिटं फोन करते.’ हे फोन सत्राच्या पहिल्या चार आठवड्यांत जास्त करा. बरेच जण परीक्षेच्या तोंडावर गळाले असं दिसतं, पण मनाने ते आधीच गळालेले असतात: पुस्तिकांचा गठ्ठा येतो, पहिला घटक इंग्रजीत जड जातो, आणि पुस्तिका कपाटावर जाते.

आता वेळापत्रक. इथे गोव्याची गोम आहे. इग्नूच्या बी.ए.मध्ये असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार असतो, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. असाइनमेंट जमा करायची तारीख साधारण त्याआधीच्या मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडते. नेमकी तारीख दर वेळी अधिकृत सूचनेतूनच बघा. म्हणजे एक मुदत शिगमो (गोव्यातला होळीचा सण) आणि पर्यटन हंगामाच्या शेपटाला, दुसरी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, पाठोपाठ. २०२६ मध्ये चवथ १४ सप्टेंबरला आहे. त्याआधीचा आठवडा साफसफाई, बाजार आणि माटोळीत (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीत) जातो, नंतरचा पाहुण्यांत, आणि सप्टेंबरअखेर डोक्यावर येऊन बसते. म्हणून केंद्राची स्वतःची आतली मुदत चवथीच्या किमान दहा दिवस आधीची ठेवा. मुदतवाढ पुष्कळदा मिळते, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतं. तिच्यावर विसंबलेला माणूस वाढीव मुदतीच्या शेवटच्या रात्री पाच असाइनमेंट लिहायला बसतो.

‘असाइनमेंट लिहा’ हा संदेश निरुपयोगी आहे. कामाचे तुकडे करा. पहिल्या आठवड्यात फक्त प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायची आणि ती चालू सत्राचीच आहे ना, ते वरची ओळ वाचून तपासायचं. जुन्या सत्राचे प्रश्न सोडवून आणणारे दर वर्षी निघतात आणि ती सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक प्रश्नापुढे कोणत्या घटकातलं कोणतं पान लागेल ते लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून एका पानाचा फोटो तुम्हाला. त्या एका पानावर तुम्ही ४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज द्या: काय बरोबर आहे, काय वाढवायचं. पहिल्या पानावर असा प्रतिसाद मिळालेला विद्यार्थी सहसा दुसरं पान लिहितो. ६२ जणांचे ४० सेकंद म्हणजे पाऊण तासाहूनही कमी. रविवारच्या वर्गापेक्षा हा पाऊण तास जास्त फळ देईल, असं आमचं मत.

व्हॉट्सॲप सोडू नका, फक्त त्याची घडी बदला. एकच मोठा ग्रुप असेल तर महत्त्वाची सूचना तासाभरात वर सरकते, आणि सर्वांना सर्वांचे नंबर दिसतात. अनोळखी माणसांचे रात्री-अपरात्री मेसेज येऊ लागले की मुली आणि बायका ग्रुप सोडतात आणि कारण सांगत नाहीत. ‘कम्युनिटी’ तयार करा. तिच्या सूचना ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तिच्याखाली १०-१२ जणांचे छोटे गट करा, विषयानुसार किंवा पाळीनुसार. रात्रपाळीवाल्यांचा वेगळा गट चांगला चालतो. छोट्या गटांत मात्र नंबर दिसतातच, तेव्हा आधी विचारून घ्या आणि ज्यांना नको त्यांना सूचना ग्रुपमध्येच राहू द्या. गुणांची यादी कुठल्याच ग्रुपवर टाकायची नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाच आहे, पण कायदा नसता तरी ते करायचं नव्हतं.

ग्रुपमध्ये उशिरा आलेल्याला आधीचे मेसेज आपोआप दिसतीलच असं नाही, म्हणून साहित्य ग्रुपमध्ये साठवू नका. गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर ठेवा, त्यात ‘आधी हे वाचा’ नावाची एका पानाची अनुक्रमणिका, आणि तिची लिंक ग्रुपमध्ये पिन करा. फोल्डरची परवानगी ‘लिंक असलेला कोणीही बघू शकेल’ अशी असावी. ही एक गोष्ट विसरली की रात्री अकराला दहा जणांच्या ‘परवानगी द्या’ अशा विनंत्या येतात आणि सकाळपर्यंत त्यांचा उत्साह ओसरलेला असतो. फाइलच्या नावातच सगळं यावं: ‘समाजशास्त्र-घटक३-भाग१-७मिनिटं-२एमबी’. आकार लिहिलेला असला की डेटा मोजून वापरणारा माणूस न घाबरता दाबतो. सूचना आठवड्याला एकच, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी.

शिकवण्यासाठी ऑडिओ. ३२ केबीपीएस, मोनो, सात मिनिटांची फाइल जेमतेम १.७ एमबी होते; साधारण दर्जाचा तितकाच व्हिडिओ २५ एमबीच्या घरात जातो; तासाभराचा ऑनलाइन वर्ग कॅमेरे चालू असतील तर अर्धा ते एक जीबी खातो. रोज दीड जीबी मिळणाऱ्याच्या घरात दोघं फोन वापरत असतील तर हिशेब तुम्हीच करा. कदंब महामंडळाच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करताना, भाजी चिरताना, रात्रपाळीच्या सुट्टीत कानाने शिकता येतं. आकृती, नकाशा, अर्थशास्त्रातला आलेख असेल तिथे मात्र ऑडिओ पुरत नाही; तिथे एक फोटो आणि सोबत दोन मिनिटांचा आवाज द्या.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ लागत नाही. कपड्यांचं कपाट असलेली छोटी खोली, पंखा बंद, फोन ‘एरोप्लेन मोड’वर. कॉलरला लावायचा वायरचा माइक तोंडापासून वीतभर खाली. फोनचाच माइक वापरला तर तो तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला फटाके उडतात. जूनपासून पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस वाजू लागला की रेकॉर्डिंग वाया जातं, म्हणून पावसाळ्यातले घटक मेमध्येच करून ठेवा. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज झटपट उत्तरासाठी ठीक; पाठासाठी नको, कारण त्याला नाव देता येत नाही आणि महिन्याभराने तो सापडत नाही. फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये दर्जा ‘लो’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडून फाइल करा आणि ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. लिहिलेल्या पानांचे फोटोही ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा. साधे पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून धूसर करतं आणि फिक्या शाईतलं अक्षर लागत नाही.

सात मिनिटांत व्याख्यान बसवायला जाऊ नका. इग्नूच्या पुस्तिका स्वतः वाचून शिकण्यासाठीच लिहिलेल्या असतात, घटकागणिक ‘आपली प्रगती तपासा’सारखे प्रश्नही असतात. ऑडिओने फक्त त्या पुस्तिकेत हात धरून न्यायचं: ‘पान १४ उघडा. दुसऱ्या परिच्छेदात तीन कारणं दिली आहेत. पहिलं वाचा, मी थांबते.’ आणि खरोखर दहा सेकंद थांबा. शिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाचं साहित्य विद्यार्थ्याशी चाललेल्या संभाषणासारखं असावं असं आग्रहाने मांडलं, ते याच अर्थाने. लांबीबद्दल म्हणाल तर एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. ते व्हिडिओ होते आणि आपण ऑडिओबद्दल बोलतोय, तरी सातच्या आत राहणं बरं.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोकणीत, पुढचं इंग्रजीत, आणि पुस्तिका इंग्रजीत. समजावताना मराठी-कोकणी मोकळेपणाने वापरा, पण परीक्षेचं उत्तर ज्या भाषेत लिहायचं त्या भाषेतली संज्ञा जशीच्या तशी उच्चारा आणि पुन्हा उच्चारा. प्रत्येक घटकाबरोबर दहा संज्ञांची एका पानाची यादी द्या: संज्ञा, मराठीत अर्थ, पुस्तिकेतलं पान. अख्ख्या पुस्तिकेचं भाषांतर कुणी मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते वाचून समजतं, आणि परीक्षेत लिहिता येत नाही.

दर बुधवारी गूगल फॉर्मवर पाच प्रश्नांची चाचणी ठेवा, रविवार रात्रीपर्यंत उघडी. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने आठवड्यानंतर जास्त आठवतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे. तुमच्यासाठी दुसरा फायदा मोठा: नोंदवही भरते. फॉर्ममध्ये ‘क्विझ’ चालू करा, गुण लगेच दिसू द्या, आणि चुकीच्या उत्तराखाली ‘चूक’ एवढंच न लिहिता ‘पान २२, शेवटचा परिच्छेद’ असं लिहा. चार प्रश्न पर्यायांचे, पाचवा मोकळा: ‘या घटकात कुठे अडलं?’ या पाचव्यावर आलेली उत्तरं हाच पुढच्या वर्गाचा विषय.

फॉर्ममध्ये तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. सांकेतिक क्रमांक टाइप करायला दिला तर ‘ब१७’, ‘ब-17’, ‘१७’ अशी एकाच माणसाची तीन रूपं जमतात, म्हणून ड्रॉपडाउन यादी द्या. ‘एकच प्रतिसाद’ ही अट लावली की गूगल खात्यात लॉगइन करावं लागतं, आणि भावाच्या फोनवरून सोडवणारी बहीण अडते. ती अट काढा. फाइल जोडायला सांगणारा प्रश्न ठेवला तरी लॉगइन सक्तीचं होतं, शिवाय सगळ्या फाइली तुमच्या मोफत १५ जीबीत येऊन बसतात. पानं फॉर्मवर मागू नका.

थेट वर्ग बंद करू नका, पण पंधरवड्याला एक करा आणि तोच वर्ग दोन वेळा घ्या: एकदा मंगळवारी दुपारी साडेतीनला, दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्यामधल्या हॉटेलवाल्यांच्या सुट्टीत, आणि एकदा शनिवारी रात्री नऊला. ४० मिनिटं पुरेत. मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा त्याहून जास्त जण असतील तर तसंही ६० मिनिटांवर कात्री लागते. सुरुवात पाचव्या प्रश्नातल्या अडचणींनी. कॅमेरा बंद असल्याचं मनाला लावून घेऊ नका, तो डेटा वाचवतो. उलट तुमचाही पहिल्या दोन मिनिटांनंतर बंद ठेवा. हजेरीऐवजी दर आठ मिनिटांनी चॅटमध्ये एका शब्दाचं उत्तर मागा. स्लाइड सहा इंची पडद्यावर वाचली जाते हे लक्षात ठेवून एका स्लाइडवर पाच ओळींपेक्षा जास्त नको. मोफत खात्यात रेकॉर्डिंग नाही, आणि त्याची फारशी गरजही नाही: वर्ग संपल्यावर तेच मुद्दे सात मिनिटांच्या ऑडिओत बोलून टाका. ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग सहसा कुणी पुन्हा बघत नाही.

जूनमध्ये पाऊस, परीक्षा आणि वीज जाणं एकत्र येतं. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, आणि वर्ग तुटतो तो राउटरमुळे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. विकत घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. शिवाय राउटर एका कंपनीचा असेल तर फोनचं हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ठेवा. एखाद्या सहकाऱ्याला वर्गात सोबत ठेवा, म्हणजे तुम्ही बाहेर फेकल्या गेलात तरी वर्ग चालू राहील.

तयार साहित्याचा तुटवडा नाही. ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर इग्नूच्या पुस्तिका घटकवार पीडीएफमध्ये आहेत, केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या संकेतस्थळावर अभ्यासक्रम आहेत, ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर फुकट दिसतात, आणि गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिष्टावो’ उपक्रमात आपल्याच महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे व्हिडिओ आहेत. ते गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला धरून असल्याने घटक जुळतो का ते आधी बघा. लिंकांचा ढीग पाठवू नका. एका घटकाला एकच दुवा, तोही ‘मिनिट ४ ते ९ बघा’ असं सांगून.

असाइनमेंट ऑनलाइन स्वीकारली जात असेल तर स्कॅन गूगल ड्राइव्हच्या ॲपमधून करायला शिकवा: दिवसा खिडकीजवळ, ट्यूबलाइटच्या खाली नको कारण फोनची सावली पानावर पडते. प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक आणि पान क्रमांक हाताने. एका असाइनमेंटची एकच पीडीएफ. पाठवण्यापूर्वी ती उघडून उलटी पानं, सुटलेली पानं बघायची. मूळ कागद आणि जमा केल्याची पावती गुण ऑनलाइन दिसेपर्यंत फेकायची नाही, हे तर भिंतीवर लिहून लावा.

चॅटजीपीटीचं उत्तर हाताने उतरवून आणणारे असतीलच. त्यांना पकडत बसण्यापेक्षा प्रत्येक असाइनमेंटमागे दोन मिनिटांचा आवाज मागा: ‘प्रश्न २ चं उत्तर न वाचता सांग.’ ज्याला सांगता आलं त्याने कुठून वाचलं याची चिंता नको. त्याच साधनाकडून सरावाचे प्रश्न मागवायला शिकवा, उत्तरं मात्र पुस्तिकेशी ताडून बघायची, कारण ते सनावळ्या आणि नावं ठामपणे चुकीची देतं.

यादीत कुणी अंध किंवा अधू दृष्टीचं असेल तर एक गोष्ट आजच तपासा. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे चित्र. अँड्रॉइडचं टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) ती नीट वाचू शकत नाही. ड्राइव्हवर ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर वेगळा निघतो, मराठीसुद्धा. जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला.

पैशांचा अंदाज असा. राउटरचा यूपीएस अडीच हजार. दोन कॉलर माइक दोन हजार. फोन करणाऱ्या तिघांचं सहा महिन्यांचं रिचार्ज साडेपाच हजार. आधी बी.ए. झालेल्या दोन माजी विद्यार्थ्यांना महिना पाचशे प्रत्येकी, सहा महिन्यांचे सहा हजार. लाल झालेल्यांना फोन करायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी नाही. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी छपाई साडेतीन हजार. रेंज नसलेल्यांसाठी दहा पेनड्राइव्ह आणि फोनला जोडायचे ओटीजी अडॅप्टर चार हजार. पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ किंवा ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा, ‘एनटीएफएस’ बऱ्याच फोनना वाचता येत नाही. एकूण साडेतेवीस हजार. मानधन कोणत्या खात्यातून देता येतं ते कार्यालयात आधी विचारा, नाहीतर वर्षअखेरीस बिल परत येईल. मूडल (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायचं सॉफ्टवेअर) हवंच असा आग्रह झाला तर ते पुढच्या वर्षी: सॉफ्टवेअर फुकट आहे, सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस फुकट नाही. तेव्हा एवढं लक्षात ठेवा की त्याच्या मोबाइल ॲपवर चाचणी ऑफलाइन सोडवायची सोय आहे, पण वेळेची मर्यादा घातली की ती सोय बंद होते.

आता ते २३ जण. त्यातल्या अनेकांची समजूत अशी असेल की एक सत्र चुकलं म्हणजे प्रवेश गेला. तसं नाही. इग्नूची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. मागची परीक्षा दिली नसली तरी पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी मुदतीत करता येते, आणि राहिलेल्या विषयांच्या असाइनमेंट चालू सत्राच्या प्रश्नपत्रिकेवर नव्याने लिहिता येतात. पुनर्नोंदणीची तारीख मात्र चुकवायची नाही. फोन लावलात की ‘का दिली नाहीस?’ हे विचारायच्या आधी हेच सांगा, आणि लगेच विचारा की पाच विषयांपैकी सगळ्यात सोपा कोणता वाटतो. या सत्रात त्याच्याकडून तेवढ्या एका विषयाची असाइनमेंट आधी जमा करून घ्या. बाकीच्या चारांचं नाव त्या फोनवर काढू नका.